कालवडीच्या वाट्याचं दूध

कुणाच्या गोठ्यावर गेलो की लोक मला आधी दुधाची गाय दाखवायला नेतात. कास बघा, सकाळचं दूध किती, फॅट किती लागते, सगळं सांगतात. काहीजण तर डेअरीची पावती खिशातून काढून दाखवतात. मी ऐकून घेतो आणि मग विचारतो, "कालवडी कुठं बांधल्यात?"

तिथं माणूस जरा गप्प होतो. मग मला गोठ्याच्या मागं नेतो. पत्रा संपतो, मुताचा ओघळ जातो, अशा एखाद्या कोपऱ्यात दोन-तीन जीव आखूड दाव्यानं बांधलेले असतात. पोट माठासारखं, पाठीचा कणा वर आलेला, केस राठ, शेपटी शेणानं माखलेली. पुढ्यात मोठ्या गायांनी खाऊन टाकलेली चघळ. "वय काय हिचं?" "असंल की सव्वा वर्षाची." अंगाकडं बघून ती सात-आठ महिन्यांची वाटते.

आणि मग मालक म्हणतो, "अण्णा, कालवड सांभाळणं परवडत नाही हो."

हे वाक्य मी गेली तीस वर्षं ऐकतोय. मी स्वतःही दहा-बारा वर्षं तेच म्हणत होतो. आज या वाक्याच्या विरोधात लिहायला बसलोय, तेव्हा पहिला आरोपी मीच आहे हे आधी कबूल करतो.

शहरातल्या वाचकांसाठी दोन शब्द सांगावे लागतील. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही. तिला कालवड झाली तर ती वाढून, माजावर येऊन, गाभण राहून, नऊ महिने पोटात वासरू वागवून व्याली म्हणजे मग तिची गाय होते. दहा गायांच्या गोठ्यातून वर्षाला दोन गाया तरी कमी होतातच. एखादी म्हातारी होते, एखादीची कास दगडी रोगानं जाते, एखादी उलटत राहते, गाभणच राहत नाही. त्यांच्या जागी दोन नव्या लागतात. दहातल्या नऊ व्याल्या तर निम्म्या, म्हणजे चार-पाच कालवडी होतात. त्यातल्या दोन नीट वाढवल्या तरी गोठा आपला आपण भरतो. एवढं सोपं गणित आहे. तरी आम्ही कर्ज काढून बाजारात गाय आणायला जातो.

माझा जन्म नगर जिल्ह्यातला, आता अहिल्यानगर म्हणतात. बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. घरात दोन बैल आणि एक गावरान गाय. दूध असेल अडीच लिटर. आई धार काढायला बसली की तीन सडं पिळायची, चौथ्याला हात लावायची नाही. आजी ओट्यावरून ओरडायची, "अगं, पोरांच्या चहापुरतं तरी काढ." आई म्हणायची, "ते वासराचं हाय. त्याचं त्याला राहू द्या." पाहुणे आले तरी, सणवार असला तरी चौथं सड वासराचंच. आईला अक्षर येत नव्हतं, पण हा कायदा तिनं कधी मोडला नाही.

१९७६ साली मी दहावी झालो आणि शेतीत आलो. तोवर संकरित गायीचं नाव गावोगाव झालं होतं. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बायफ सुरू केली होती, आणि दारात येऊन गाय भरवून देणारी माणसं खेड्यात दिसायला लागली होती. आमच्या दारात ते १९८४ साली आलं. गावरान गायीला होल्स्टिनचं भरवलं आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची कालवड झाली. आईनं नाव ठेवलं चांदी. चांदीलाही चौथं सड मिळालं. ती पहिल्या वेताला नऊ लिटर द्यायला लागली तेव्हा गल्लीतली माणसं धार बघायला यायची. आमच्या घरावरचा गवताचा शाकार जाऊन पत्रा आला तो चांदीच्या दुधावर.

त्या काळात संकरित वासरांचे मेळावे भरायचे. गावातली सगळी वासरं देवळापुढं आणायची, डॉक्टर बघायचे, चांगल्या वासराला बक्षीस मिळायचं. बक्षीस मोठं नसायचं, पण वासरू धुऊन-पुसून चार माणसांत न्यायचं म्हणून घरातली बाई सहा महिने त्याच्याकडं लक्ष द्यायची. आता माझ्या बघण्यात प्रदर्शनातली बक्षिसं बहुतेक सगळ्यात जास्त दुधाच्या गायीलाच असतात.

मग गावात संकलन केंद्र आलं. दूध लिटरवर जायला लागलं, दहा दिवसांनी पगार यायला लागला. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. ऊस नसलेल्या माणसाच्या हातात नगद पैसा आला तो दुधामुळंच. पण आई गेली आणि चौथं सड कॅनमध्ये गेलं. हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मीच केलं. तीन लिटर वासराला पाजलं तर दहा दिवसांच्या पगारात तीस लिटर कमी दिसायचं, आणि ते डोळ्यात खुपायचं. मी मंडळींना सांगायचो, पान्हा फुटेपर्यंत वासरू लावायचं, लगेच ओढून बांधायचं, शेवटी राहील ते त्याचं. शेवटी काय राहणार? मी सडाला थेंब ठेवत नव्हतो.

२००९ आणि २०१० या दोन वर्षांत माझ्या गोठ्यात सात कालवडी झाल्या. चार गेल्या. दोन हगवणीनं पहिल्या पंधरवड्यात गेल्या, एक पावसात छाती भरून गेली. एक कशानं गेली ते कळलंच नाही, सकाळी आडवी सापडली. उरलेल्या तिघी जगल्या, पण खुरटल्या. त्यातली एक तीन वर्षांची होत आली तरी माजावर आली नव्हती. २०१२ च्या दुष्काळात वैरणीला आग लागली तेव्हा तिघींना एका टेम्पोत घालून विकलं. आलेल्या पैशात महिन्याची पेंड आली. त्या दिवशी चावडीवर बसून मी मोठ्या आवाजात म्हणालो, "कालवड सांभाळणं परवडत नाही."

पुढच्या वर्षी पाऊस झाला. बँकेचं कर्ज केलं आणि बाजारातून पंचावन्न हजारांची दुसऱ्या वेताची गाभण गाय आणली. बाजाराचं नाव घेत नाही. कास बघून मी भुललो होतो. नंतर कळलं की बाजारात आणायच्या आधी धार न काढता कास तुंबवून ठेवतात. अठरा लिटर सांगितलेली गाय माझ्याकडं नऊवर थांबली. तेही चाललं असतं. पण सातव्या महिन्यात तिनं गाभ टाकला, वार अडकली. ती वार काढायला, ते सगळं हातानं भरून टाकायला, गोठा धुवायला माझी मंडळी होती. पुढच्या चार महिन्यांत माझ्या घरच्या दोन गायांनी गाभ टाकला. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. सांसर्गिक गर्भपात, ज्याला ब्रुसेला म्हणतात, तो निघाला.

आणि मग मंडळींना ताप यायला लागला. संध्याकाळी यायचा, रात्री घामानं लुगडं भिजायचं, सकाळी उतरायचा. सांधे धरले. मलेरिया म्हणून औषध झालं, टायफॉइड म्हणून झालं. दोन महिन्यांनी एका डॉक्टरांनी विचारलं, "घरात जनावरं आहेत का? कुणी गाभ टाकला का?" तो रोग जनावराकडून माणसाला होतो हे मला तोवर माहीत नव्हतं. तिला सहा आठवडे गोळ्या चालल्या. ताप गेला, पण कंबर धरली ती आजही पावसाळ्यात धरते. पंचावन्न हजारांच्या गायीची खरी किंमत ही.

ती गाय मी परत बाजारात नेली नाही. वेगळी बांधली आणि मरेपर्यंत सांभाळली. फसलेला माणूस पुढच्याला फसवतो, तशीच ती माझ्यापर्यंत आली असणार. कुठंतरी ते थांबायला पाहिजे होतं.

२०१५ साली आमची एक जुनी गाय व्याली, कालवड झाली. मंडळी म्हणाल्या, "अहो, एक सांगते. हिचं दूध मी ठरवीन. तुम्ही त्यात बोलायचं नाही." तापातून उठलेल्या बाईला मी काय बोलणार? गप्प बसलो. पण एक गोष्ट तेव्हाच माझ्या ध्यानात आली. इतकी वर्षं वासरांचं सगळं काम तिचं होतं. शेण, पाणी, औषध, मेलेलं वासरू उचलायलाही हात तिचाच. पण त्या वासराला किती दूध पाजायचं हे मात्र मी ठरवत होतो, कारण डेअरीचं खातं माझ्या नावावर होतं.

तिनं केलं ते काही जगावेगळं नव्हतं. व्याल्यावर तासाभराच्या आत चीक पाजला. तीस किलोच्या वासराला दिवसभरात दोन-तीन वेळा मिळून तीन लिटर. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच रोगाशी लढायची ताकद मिळते, वासराला ती पोटात मिळत नाही, चिकातूनच मिळते. तीही पहिल्या काही तासांत, कारण दिवस उलटला की आतडं ती ताकद आत घेतच नाही. आम्ही काय करतो? वार पडल्याशिवाय वासराला चीक द्यायचा नाही म्हणून बसतो आणि पहिल्या धारेचा चीक खरवसाला शेजारी वाटतो. खरवस मलाही आवडतो. पण वासराला पोटभर दिल्यावर उरतो त्याचा करावा. दुभती गाय वासराला पुरून उरेल एवढा चीक देते.

नाळ दोन बोटं ठेवून कापली, टिंचर आयोडीन लावलं. दहाव्या दिवशी डॉक्टरांना विचारून जंताचं औषध, मग सहा महिने दर महिन्याला. दूध मापानं, सकाळी दीड लिटर, संध्याकाळी दीड लिटर, धारोष्ण. दुसऱ्या आठवड्यापासून पुढ्यात मूठभर खुराक आणि बादलीत स्वच्छ पाणी. दूध पिणाऱ्याला पाणी कशाला, असं मी म्हणालो होतो. पण खुराक आणि पाण्यानंच वासराचं खरं पोट तयार होतं. कोवळ्या वयात नुसता कडबा घातला की पोट माठासारखं होतं आणि अंग वाढत नाही. जागा कोरडी, ऊन येणारी, आणि दावं नाही, मोकळी. अडीच महिन्यांनी दूध हळूहळू तोडलं. पाचव्या महिन्यात डॉक्टरांकडून ब्रुसेलाची लस टोचून घेतली.

आणि दर महिन्याला टेप. शिंप्याची टेप घेऊन छातीचा घेर मोजायचा, खांद्यापासून माकडहाडापर्यंत लांबी मोजायची, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, त्याला ६६० नं भागलं की किलोत वजन येतं. घेर ५८ आणि लांबी ५० भरली तर वजन २५५ किलोच्या आसपास. दहावी शिकलेल्याला एवढं जमतं. सोळाव्या महिन्यात ती माजावर आली, पण वजन कमी होतं म्हणून तो माज सोडला. अडीचशेच्या वर गेल्यावर, साडेसतराव्या महिन्यात भरवली. सत्ताविसाव्या महिन्यात व्याली. तिचं नाव सोनी. सोनीच्या लेकी आणि नाती आज माझ्या गोठ्यात आहेत आणि २०१५ नंतर मी बाजारातून एकही गाय आणलेली नाही.

आता हिशेबाकडं येतो, कारण "परवडत नाही" याला उत्तर हिशेबानंच द्यावं लागतं. आजच्या भावानं माझ्या वहीतले आकडे सांगतो. दूध २५० लिटर, तीस रुपयांनी ७,५०० रुपये. तीन महिन्यांपासून व्यायपर्यंत सरासरी दीड किलो खुराक, दोन वर्षांचा ११०० किलो, २८ रुपयांनी ३०,८००. चारा घरचाच, पण फुकट धरायचा नाही; सरासरी बारा किलो रोजचा, तीन रुपयांनी दोन वर्षांचे २६,००० च्या घरात. औषध, लस, भरवणं मिळून ४,०००. बेरीज ६८,३००. घरच्या माणसांची मजुरी यात नाही, हेही सांगून ठेवतो. तशी पहिल्या वेताची गाय बाजारात नव्वद हजाराला पडते. म्हणजे एकवीस-बावीस हजार वाचले.

आता दुसरी बाजू. हीच कालवड सत्तावीसऐवजी छत्तीस महिन्यांनी व्याली तर काय? वरचे नऊ महिने, रोजचे खुराक-चाऱ्याचे अठ्ठ्याहत्तर रुपये. २७० दिवसांचे एकवीस हजार. वाचलेले सगळे गेले! म्हणून सांगतो, "कालवड परवडत नाही" म्हणणारा खोटं बोलत नाही. त्याची कालवड त्याला खरंच परवडलेली नसते. पण ते तिच्या जातीमुळं नाही. पहिल्या तीन महिन्यांत साडेसात हजारांचं दूध वाचवायला गेला, आणि त्यापायी वाढ खुंटून नऊ महिने मागं पडली. आपणच तिला उपाशी ठेवायचं, आणि मग ती परवडत नाही म्हणून तिच्याच नावानं बोंब मारायची, हा कुठला न्याय?

यावर लोक म्हणतात, "अण्णा, तुमचं खरं, पण आम्हाला पैसा आज लागतो." हे मात्र मी उडवून लावणार नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुधाचा भाव पडला तेव्हा पेंडीचे पैसे निघत नव्हते. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे, त्याला सत्तावीस महिन्यांनी येणारा फायदा दिसत नाही, दहा दिवसांचा पगार दिसतो. पण मग मी विचारतो, असा हप्ता बांधला कुणी? माझं कर्जप्रकरण झालं तेव्हाच्या अहवालात गायीचं दूध होतं, पेंड होती, विमा होता. वासराच्या तोंडच्या दुधाचा रकानाच नव्हता. गाय व्याल्यापासूनचं सगळं दूध विकणार असं धरून हप्ता ठरला होता. म्हणजे वासराला उपाशी ठेवणं कागदावरच लिहून दिलं होतं, आणि खाली सही माझी होती.

सरकारी योजना बघा. दुधाळ जनावरांचे गट वाटतात. गाय आणा, अनुदान घ्या. पण ज्यानं स्वतःच्या गोठ्यात कालवड वाढवून गाय केली, त्यानं काय पाप केलं? एक नवी गाय राज्यात त्यानंही वाढवलीच ना? उलट बाजारातली गाय फक्त एका दावणीची दुसऱ्या दावणीला जाते, आणि जाताना रोगही घेऊन जाते. आता लिंगवर्गीकृत रेतन आलंय, दहातल्या नऊ कालवडी होतात म्हणतात. चांगलं आहे, मीही वापरतो. पण दोन कालवडी ज्याच्याकडून जगत नाहीत, त्याच्या गोठ्यात चार जन्माला घालून काय होणार?

माझं मागणं फार नाही. कर्जाच्या अहवालात वासराच्या दुधाचा रकाना घाला आणि पहिले तीन महिने हप्ता हलका ठेवा. दूध संघांनी वासरांचा खुराक उधारीवर द्यावा आणि ती कालवड व्याल्यावर तिच्या दुधातून कापून घ्यावा; संघाला दूध पाहिजे ना, मग उद्याची गाय कुठून येणार? अनुदान द्यायचंच तर बाजारातल्या पावतीबरोबर घरच्या गाभण कालवडीलाही द्या. आणि ब्रुसेलाची लस. २०१९ पासून केंद्राच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती फुकट आहे. ती चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरालाच द्यायची, आयुष्यात एकदाच. पण नेमकं त्याच वयात कालवड त्या मागच्या कोपऱ्यात असते. दूध तोडलेलं असतं, माज लांब असतो, तिच्याकडं बघायचं कुणाला काही कारण नसतं. डॉक्टर दारात आले तरी मालक दुधाची गाय पुढं करतो. लस फुकट असून चुकते ती अशी, आणि तिची किंमत कुणाच्या तरी घरची बाई रात्रीच्या घामात भरते.

योजना येतील तेव्हा येतील. तोवर आपल्या हातात आहे तेवढं करा. उद्या सकाळी धारेला बसायच्या आधी मागच्या कोपऱ्यात जा. दावं सोडा, जागा झाडून घ्या, बादली घासून पाणी ठेवा. आणि येत्या वेताला किती दूध पाजायचं हे, वासरांचं काम जी करते तिला ठरवू द्या. आमच्याकडं आता टेप सूनबाईच्या हातात असते. मी फक्त ६६० नं भागतो.